विसांश विमान

अवकाशात जाऊन परत येणारे शटल यान एका धावपट्टीवर उतरल्यावर तेथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या प्रक्षेपणस्थळी न्यावयाचे कसे, हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेपुढे उभा राहिला, तेव्हा ते बोइंग ७४७ या प्रवासी विमानाच्या पाठीवर बसवून न्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांत जॉन कायकर हे अभियंते अग्रभागी होते. आणि ही सूचना ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना अचाट वाटली, यात नवल नाही. पाठीवर बसविणे एक वेळ साधेल, परंतु चाचणीसाठी ते यान आकाशात सुटे करावयाचे झाले, तर ते अलगद वर निघून जाईल की मागे घसरून वाहक विमानाच्या शेपटावर आदळेल, ही शंका रास्त होती. कायकर हे नमुनाविमानांचे शौकीन. वादविवादात न गुंतता त्यांनी ७४७ चा आणि शटलचा असे रेडिओने चालणारे नमुने सिद्ध केले, एकाच्या पाठीवर दुसरा चढविला, जोडी आकाशात नेली आणि तेथे ती सुटी करून दाखविली. पुढे १२ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर खऱ्या ७४७ च्या पाठीवरून एंटरप्राइझ हे खरे यान सुटले, ते कोठेही न आदळता.

अशा नमुन्याला आपल्याकडे सर्रास खेळणे म्हणतात आणि ते म्हणणे सर्वस्वी खोटे आहे, असेही नाही. परंतु ज्या खेळण्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या विमानाला उपयोगी पडते, त्याची दखल शहाण्या माणसांनी वेळोवेळी घेतलेली आहे. पंखांची टोके बिजागरीवर मोकळी सोडली असता वाऱ्याच्या झोतांचा भार किती हलका होतो, हे पाहण्यासाठी एअरबसने २०१९ साली आपल्या ए ३२१ विमानाचा चौदाव्या हिश्श्याचा नमुना जमिनीवरून चालवून पाहिला. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने व्ही अक्षराच्या आकाराच्या एका भावी प्रवासी विमानाचा ३.०६ मीटर विस्ताराचा आणि २२.५ किलोग्रॅम वजनाचा नमुना जुलै २०२० मध्ये जर्मनीतील एका हवाई तळावरून उडविला, तेव्हा तो ताशी ८० किलोमीटर वेगाला सहज जमीन सोडतो, हे जसे कळले, तसेच नाक डावीउजवीकडे वळवीत झोलकांड्या खाण्याची खोड त्याला वाजवीपेक्षा अधिक आहे आणि तिच्यापायी उतरताना तो थोडा आदळतो, हेही कळले. नासाच्या लँग्ली केंद्राने तर नेहमीच्या दोन इंजिनी प्रवासी विमानाचा ५.५ टक्के मापाचा नमुना बनवून तो मुद्दाम अशा विपरीत अवस्थांत नेला की, जेथे प्रवाशांनी भरलेले विमान कोणताही वैमानिक स्वखुशीने नेणार नाही. विमान ताब्यातून जाते ते कसे आणि गेलेले परत येते ते कसे, याची जंत्री त्यातून तयार झाली.

हे सारे नमुने संस्थांचे. त्यांचे वजन, वजनाची अंतर्गत वाटणी आणि इंजिनांचा रेटा ही सर्व मोठ्या विमानाशी गणिताने जुळवून घ्यावी लागतात, आणि हे जुळवून घेणेच खर्चाचे असते. आपला विचार त्याहून पुष्कळ गरीब आहे. दहाबारा हजार रुपयांच्या विद्युत्सामग्रीत आणि तिच्या मानाने किरकोळ किमतीच्या फोम, कागद व गोंद यांत, आकाशात पाहणाऱ्याला हे प्रवासी विमानच चालले आहे असे वाटावे, असा नमुना कसा आखावा, एवढाच या प्रकरणाचा विषय. आणि उदाहरणादाखल घेतले आहे एअरबस ए ३२०, जे भारतातील विमानतळांवर आज सर्वाधिक परिचित म्हणावे असे यंत्र आहे.

या विमानाच्या पंखांचा विस्तार, टोकांना उंच पंखुडे नसलेल्या जुन्या प्रकारात, ३४.१ मीटर, लांबी ३७.५७ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ १२२.६ चौरस मीटर. आणि उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ७८ टन. याचा विसावा हिस्सा घेतला की विस्तार १.७ मीटर, लांबी १.८८ मीटर आणि धडाचा व्यास २० सेंटीमीटरांच्या आत येतो, म्हणजे पंख सुटे करून ही वस्तू बसच्या मागच्या बाकावर नेता येते. परंतु लांबी विसाव्या हिश्श्याची झाली की क्षेत्रफळ चारशेव्या आणि घनफळ आठ हजाराव्या हिश्श्याचे होते. त्यामुळे पंख ०.३ चौरस मीटरहून किंचित अधिक भरतो, आणि वजनही त्याच न्यायाने घटवावयाचे म्हटले, तर ते पावणेदहा किलोग्रॅम येते. शास्त्रीय चाचणी करणारी संस्था हे पावणेदहा किलोग्रॅम इमानाने पाळील. आपण पाळू नये, आणि का पाळू नये हे नीट समजून घेतले म्हणजे अशा विमानाच्या आखणीचे अर्धे काम झाले.

पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन येते, या एका आकड्यावर विमानाचा किमान वेग ठरतो. मोठ्या ए ३२० च्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६३६ किलोग्रॅम भार असतो, आणि म्हणूनच त्याला उतरतानाही ताशी अडीचशे किलोमीटरांच्या आसपास वेग राखावा लागतो. पावणेदहा किलोग्रॅमचा नमुना फ्लॅपांवाचून ताशी ८० किलोमीटरांच्या खाली आला की हवेतून गळून पडेल; तोच जर १.६ किलोग्रॅमचा असेल, तर ३३ किलोमीटरांपर्यंत तो तग धरतो. आदळला तर किती ऊर्जेने आदळेल, याची तुलना केली असता पहिल्याची ऊर्जा दुसऱ्याच्या जवळजवळ छत्तीससदतीसपट येते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांच्या दृष्टीने हा फरक कोणत्याही युक्तिवादापेक्षा बोलका आहे. शिवाय शोभेचाही प्रश्न आहे. मोठे विमान उतरताना स्वतःच्या लांबीइतके अंतर सुमारे अर्ध्या सेकंदात कापते, आणि ती संथ, भारदस्त चाल हेच त्याचे खरे रूप. आपला नमुना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेला तरी तेच अंतर तो सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात ओलांडतो, म्हणजे तिप्पट उतावीळ दिसतो. वजन वाढवावे तर तो गांधीलमाशीसारखा घोंगावत जाणार. तेव्हा हलकेपणा हा येथे खर्चाच्या, सुरक्षिततेच्या आणि सौंदर्याच्या अशा तिन्ही खात्यांवर एकदमच जमा होतो, आणि असा योग यंत्रविद्येत फार वेळा येत नाही.

विमान लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. नमुनाकाराच्या पुष्कळशा अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात. ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८३ साली मँचेस्टर येथे काचेच्या नळीतून रंगीत पाण्याची धार सोडून जो अंक निश्चित केला, तो वेग, लांबी आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या मेळातून निघतो, आणि प्रवाह सुतासारखा सरळ जाईल की विसकटेल, हे त्यावर अवलंबून असते. प्रवासात असलेल्या ए ३२० च्या पंखावर हा अंक दोन कोटींच्या वर असतो; आपल्या नमुन्यावर तो दीड लाखाच्या आसपास, आणि पंखाच्या निमुळत्या टोकाशी जेमतेम साठसत्तर हजार. या खालच्या इलाख्यात हवा जणू अधिक चिकट होते: पंखाच्या पाठीवरून जाणारा थर पृष्ठभागाला धरून राहण्याऐवजी अर्ध्या वाटेवरच सुटतो, उत्थापन घटते आणि रोध वाढतो. जर्मनीतील एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वातबोगद्यातील मापनांनी दाखवून दिले की, ठरावीक अंकाच्या खाली जाडसर, डौलदार छेदाच्या पंखापेक्षा नुसती वाकविलेली पातळ पट्टीही सरस ठरते. यास्तव मोठ्या विमानाच्या पंखाचा छेद, जो ध्वनिवेगाच्या जवळपास उडण्यासाठी वर्षानुवर्षे परिश्रम करून घडविलेला असतो, तो नमुन्यावर हुबेहूब उतरविण्याचा मोह निश्चयाने टाळावा आणि रुंदीच्या नऊदहा टक्के जाडीचा, खालून जवळजवळ सपाट असा साधा छेद घ्यावा.

हीच गोष्ट मागे झुकलेल्या पंखांची. १९३५ साली रोम येथील परिषदेत आडॉल्फ बूझेमान यांनी मागे झुकलेल्या पंखाची कल्पना मांडली, ती ध्वनिवेगाची सीमा ओलांडल्यावर येणारा रोध कमी करण्यासाठी. आणि ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या फोमच्या वस्तूचा त्या सीमेशी काडीइतकाही संबंध नाही. तरीही पंख सरळ केला तर ते प्रवासी विमान दिसणारच नाही. म्हणून ए ३२० चा २५ अंशांचा कल ठेवावा, आणि त्याबरोबर येणारा दोष ओळखून त्याची तजवीज करावी. कललेल्या, निमुळत्या पंखाचे टोक मुळाच्या आधी स्टॉल होते, म्हणजे त्याचे उत्थापन एकाएकी नाहीसे होते. दोहोंपैकी एक टोक आधी गेले की विमान त्या बाजूला कलंडून गिरकी घेते. उपाय तीन, आणि तिन्ही करावेत. मापाप्रमाणे टोकाची रुंदी आठ सेंटीमीटरांच्या आसपास येते, ती दहा करावी. शंभर मीटरांवरून ही लबाडी कोणाच्याही ध्यानात येत नाही. टोकाकडे पंखाला पीळ देऊन पुढची कड मुळापेक्षा दोनतीन अंश खाली ठेवावी. आणि पंखाच्या बाहेरील अर्ध्या भागावर पुढच्या कडेपासून रुंदीच्या दहाव्या हिश्श्यावर शिवणकामाचा जाडसर दोरा लांबीने चिकटवावा. त्याने प्रवाह थोडा संक्षुब्ध होतो, आणि संक्षुब्ध थर पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहतो. दोन रुपयांच्या दोऱ्याने एवढे काम केलेले पाहून श्मिट्झ यांच्या वातबोगद्याविषयी आदर दुणावतो.

आता वजनाचा जमाखर्च. तो कामास हात घालण्यापूर्वी मांडावा आणि प्रत्येक भाग तयार झाला की तराजूवर ठेवून खरा आकडा समोर लिहावा, कारण या धंद्यात कर्ज फेडण्यास सवलत मिळत नाही. पंखासाठी ३०० ग्रॅम, धडासाठी ३५०, शेपटाच्या दोन्ही भागांसाठी ८०. दोन मोटरी प्रॉपेलरसह १२०, त्यांचे वेगनियंत्रक ६०. तीन घटांची २२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी १९०. सर्व्हो, रिसीव्हर व तारा मिळून १००. चाके व त्यांच्या तारा १५०. गोंद, रंग, चिकटपट्ट्या १५०. बेरीज दीड किलोग्रॅम. वर १०० ग्रॅम शिल्लक ठेवावेत, ते दुरुस्तीत खर्ची पडतात. गोंद आणि रंग यांना मोटरींहून अधिक वजन धरलेले पाहून हसू येईल, परंतु नवख्याच्या हातून विमान जड होते ते याच दोन वस्तूंनी. पांढऱ्या रंगाचे तीन हात चढविण्याचा उत्साह आवरावा आणि खिडक्या, दारे, नावे कागदावर छापून चिकटवावीत.

पंखाचा गाभा थर्मोकोलचा करावा. गणपतीच्या मखरांमुळे घरोघरी परिचित झालेली आणि २०१८ च्या बंदीहुकुमाने महाराष्ट्रातील सजावटींतून हद्दपार झालेली ही वस्तू यंत्रांच्या खोक्यांतून अद्याप घरी येतच असते. ती कापावयाची तापलेल्या तारेने: धनुष्यासारख्या चौकटीला नायक्रोमची तार ताणून बसवितात आणि बॅटरीच्या प्रवाहाने ती तापवितात. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंस पातळ प्लायचे साचे खिळतात, एकीकडे मुळाचा छेद, दुसरीकडे टोकाचा. मुळाचा साचा २६ सेंटीमीटर आणि टोकाचा १० असल्यामुळे तारेची दोन टोके एकाच गतीने नेऊन चालत नाही. म्हणून दोन्ही साच्यांवर सारख्याच संख्येच्या, म्हणजे समजा वीसवीस, खुणा करून त्यांना क्रमांक देतात, दोघे जण दोन बाजूंनी धनुष्य धरतात आणि एक जण मोठ्याने आकडे म्हणत जातो. सातवर दोघेही सातवर, आठवर दोघेही आठवर. कोठे थबकले की त्या जागी तार फोम वितळवून खळगा पाडते, आणि तो पुढे कितीही घासला तरी जात नाही. कापलेल्या गाभ्यात मुळापासून टोकाच्या जवळपर्यंत चर पाडून कार्बनची पोकळ नळी बसवावी, आणि सर्व पंखावर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलने खाकी कागद चढवावा. तो वाळताना ताणला जातो आणि पंखाला असा कणखरपणा देतो की, हाताने पिळून पाहिले तरी पिळला जात नाही. पीळ द्यावयाचा असेल तो ओला असतानाच, टोकाखाली पट्टी ठेवून द्यावा. बूट चिकटविण्याचा रबरी गोंद मात्र वापरू नये. तो थर्मोकोल क्षणात खाऊन टाकतो.

धडाचे काम दिसते तितके कठीण नाही. पाचसहा मिलिमीटर जाडीची बारीक कणांच्या फोमची चादर घ्यावी, आतल्या बाजूने लांबीच्या दिशेने उथळ रेघा ओढाव्यात, केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब देत ती नळकांड्याभोवती वळवावी आणि ठरावीक अंतरावर फोमच्याच गोल चकत्यांना चिकटवावी. प्रवासी विमानाचे धड बहुतांश सरळ नळी असते, हा नमुनाकारावर विमानकंपन्यांनी केलेला उपकारच आहे. कष्ट पडतात ते नाकाला आणि शेपटाकडील निमुळत्या भागाला, जेथे चादरीच्या पाकळ्या कापून जोडाव्या लागतात. आणखी एक उपकार असा की, प्रवासी विमानाचे आडवे शेपूट मुळातच प्रशस्त असते. ए ३२० चे ते ३१ चौरस मीटर, म्हणजे पंखाच्या पावपट आहे. मापाप्रमाणे जसेच्या तसे घेतले तरी स्थैर्याला पुरून उरते. लढाऊ विमानांचे नमुने करणारांना हे सुख नाही.

गुरुत्वमध्याच्या बाबतीत गफलत झाली तर मात्र बाकी सर्व कौशल्य वाया जाते. तो पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या चतुर्थांशाच्या आसपास असावा, हा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. तो कोणत्या जागेपासून मोजावयाचा, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या पंखाचे मूळ २६ सेंटीमीटर, टोक १० सेंटीमीटर आणि एका बाजूची लांबी ८५ सेंटीमीटर धरून कागदावर लहान मापाने अर्धा पंख काढावा. मुळाची रेघ मागे टोकाच्या रुंदीइतकी वाढवावी, टोकाची रेघ पुढे मुळाच्या रुंदीइतकी वाढवावी, आणि ही दोन नवी टोके तिरक्या रेघेने जोडावीत. मुळाच्या व टोकाच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेघेला ती जेथे छेदते, तेथे पंखाची योग्य सरासरी रुंदी सापडते. आपल्या बाबतीत ही जागा मध्यापासून ३६ सेंटीमीटरवर आणि रुंदी सुमारे १९ सेंटीमीटर येते. परंतु पंख मागे झुकलेला असल्यामुळे या जागेची पुढची कड मुळाच्या पुढच्या कडेपासून १८.६ सेंटीमीटर मागे पडलेली असते; तेव्हा सरासरी रुंदीच्या २० टक्क्यांवरील बिंदू मुळाच्या पुढच्या कडेपासून तब्बल २२.४ सेंटीमीटर मागे, म्हणजे मुळाच्या मागच्या कडेच्या अगदी निकट येतो. जो मनुष्य सरळ पंखाच्या सवयीने मुळाच्या चतुर्थांशावर, साडेसहा सेंटीमीटरवर, बोटे ठेवून विमान तोलील, तो नाकात शिसे भरभरून त्याला जड करील आणि शेवटी ते जमिनीत खुपसलेले पाहील. पहिल्या उड्डाणासाठी २० टक्क्यांचीच जागा मुक्रर करावी. धडाचा पुढचा भाग लांब असल्यामुळे बॅटरी दोनचार सेंटीमीटर पुढेमागे सरकवली की तोल जमतो, निराळे वजन घालावे लागत नाही.

इंजिनांच्या बाबतीत बाजारात दोन मार्ग आहेत. नळीत बसविलेला सहासात सेंटीमीटर व्यासाचा पंखा इंजिनाच्या कवचात बरोबर बसतो, दिसतो सुंदर आणि आवाजही जेटची आठवण करून देणारा काढतो. परंतु रेटा निर्माण करण्याचा काटकसरीचा मार्ग म्हणजे पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलणे, आणि हा चिमुकला पंखा थोडीच हवा फार वेगाने ढकलतो. समान रेट्यासाठी तो सहा इंची उघड्या प्रॉपेलरच्या सुमारे दुप्पट वीज खातो. वीज अधिक म्हणजे बॅटरी मोठी, बॅटरी मोठी म्हणजे वजन अधिक, आणि वजन अधिक म्हणजे वर मांडलेला सारा जमाखर्च मोडीत. स्वस्त विमानाने शोभेचा हा एक तुकडा सोडून द्यावा आणि पोकळ कवचाच्या तोंडाशी सहा इंची प्रॉपेलर लावावा. फिरू लागल्यावर तो दिसेनासाच होतो. नमुन्याला वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक रेटा पुरे, म्हणजे दोन्ही मिळून ९०० ग्रॅम. मोठ्या ए ३२० जवळ वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो, पण त्याला दोन किलोमीटरांची धावपट्टी मिळते.

येथे एक भूमितीची अडचण आडवी येते. ए ३२० चे इंजिन पंखाखाली इतके खाली लोंबते की, मापाप्रमाणे त्याचा अक्ष जमिनीपासून नऊच सेंटीमीटरांवर येतो, आणि सहा इंची प्रॉपेलरचे पाते साडेसात सेंटीमीटरांहून लांब असते. उरलेल्या दीड सेंटीमीटरात गवताची एक काडीही घात करील. चाके काढून पोटावर उतरावे म्हटले, तर पोटाच्या आधी इंजिनेच टेकतात. म्हणून चाकांच्या पोलादी तारा मापापेक्षा दोनतीन सेंटीमीटर उंच ठेवाव्यात, आणि कवचे पंखाला नायलॉनच्या बारीक स्क्रूंनी जोडावीत, म्हणजे आदळल्यास स्क्रू तुटेल, पंख वाचेल. दोन्ही प्रॉपेलर परस्परांविरुद्ध दिशांनी फिरणारे घ्यावेत. बॅटरी आठदहा मिनिटे पुरते. लिथियम बॅटरीच्या एका किलोग्रॅममध्ये इंधनाच्या किलोग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याहूनही थोडीशीच अधिक ऊर्जा साठते, आणि इंधन जळून संपते तशी ती हलकीही होत नाही. चढताना जेवढे वजन, तेवढेच उतरताना.

नियंत्रणासाठी २.४ गिगाहर्ट्झचा सहा वाहिन्यांचा संच पुरेसा आहे. पूर्वी प्रत्येक उडविणाऱ्याला निराळ्या लहरीचा स्फटिक बाळगावा लागे आणि मैदानावर दोघांची लहर एक झाली की एकाचे विमान जमीनदोस्त होई. आताचे संच आपली लहर स्वतः बदलत राहतात, त्यामुळे ते भांडण मिटले. संपर्क तुटल्यास मोटरी आपोआप बंद व्हाव्यात, अशी योजना रिसीव्हरमध्ये करून ठेवावी आणि जमिनीवर विमान धरून, ट्रान्समीटर बंद करून तिची खातरजमा करावी. विमानाचे पोट गडद रंगाचे किंवा पट्ट्यांचे ठेवावे. पांढरे विमान ढगाळ आकाशात दोनशे मीटरांवर गेले की ते येत आहे की जात आहे, हेच उमगत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमावलीत २५ किलोग्रॅमपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी वा मनोरंजन यांसाठी नजरेच्या टप्प्यात चालविलेल्या नमुन्यांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची माफी आहे. २५० ग्रॅम ते २ किलोग्रॅम या सूक्ष्म वर्गातील विमान बिगरव्यापारी कामासाठी चालविणाऱ्याला वैमानिकाचा परवानाही लागत नाही. नोंदणी मात्र चुकत नाही. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत मुभा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरांच्या आत जमिनीपासूनच परवानगीची गरज. आपल्या आखणीतील १.६ किलोग्रॅम हा आकडा हवेच्या हिशेबातून आला होता, तो सरकारी मर्यादेतही सुखाने बसतो.

पहिल्या उड्डाणाला सकाळची निवांत वेळ आणि वाऱ्याच्या तोंडाशी धावपट्टीचा मोकळा तुकडा हवा. जमीन सोडल्यावर वळण्याची घाई न करता विमान तीसचाळीस मीटर उंच न्यावे आणि ट्रान्समीटरवरील सूक्ष्म समायोजनाच्या कळांनी ते हात सोडल्यास सरळ जाईल असे करावे. मग आणखी उंची घेऊन मोटरी मंदावाव्यात आणि नाक हळूहळू वर उचलीत जाऊन ते मुद्दाम स्टॉल करून पाहावे, कारण ही परीक्षा जमिनीजवळ विमानाने आपली घेण्यापेक्षा उंचावर आपण त्याची घेतलेली बरी. नाक सरळ खाली बसले तर पंखाचा पीळ पुरेसा आहे. दर वेळी डावाच पंख आधी बसत असेल, तर खाली आणून दोन्ही टोकांचा पीळ मोजावा, विमान नाकाशी व शेपटाशी दोन बोटांवर टेकवून डाव्याउजव्या बाजूंचा तोल पाहावा. आणि दोहोंतही काही दोष न आढळल्यास त्या बाजूचा दोरा सोडवून अर्धा सेंटीमीटर पुढे चिकटवावा, आणि नवी बॅटरी घालून पुन्हा वर जावे.